अंजदीव बेटाची मोहीम (१९६१)

अंजदीव बेटाची मोहीम ही डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीसाठी झालेल्या लष्करी कारवाईतील (ऑपरेशन विजय) एक नाविक चढाई होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय नौदलाच्या जहाजांवरील खलाशांच्या तुकड्या होड्यांतून कारवारजवळच्या अंजदीव या पोर्तुगीज बेटावर उतरल्या. या चढाईत सात भारतीय नौसैनिक मारले गेले व दोन अधिकाऱ्यांसह एकोणीस जण जखमी झाले. १९ डिसेंबरच्या दुपारपर्यंत बेट भारतीय ताब्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय नौदलाने शत्रूच्या गोळीबाराखाली किनाऱ्यावर माणसे उतरवल्याचे हे आरंभीचे व ठळक उदाहरण मानले जाते. आकाराने ही मोहीम लहान होती. परंतु समुद्रातून जमिनीवर चढाई करताना कोणत्या अडचणी येतात, हे समजून घेण्यासाठी ती उपयुक्त आहे.

बेटाचे स्थान

अंजदीव (अंजेदिवा, अंजदीप अशीही नावे रूढ) हे अरबी समुद्रातील सुमारे दीड चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे खडकाळ बेट आहे. ते कर्नाटकातील कारवारच्या दक्षिणेस, बिणगे गावासमोर, मुख्य भूमीपासून थोड्या अंतरावर आहे. भौगोलिकदृष्ट्या कारवारला लागून असले तरी प्रशासकीयदृष्ट्या ते गोवा राज्याच्या दक्षिण गोवा जिल्ह्यातील काणकोण तालुक्यात मोडते. पोर्तुगीज सत्तेच्या काळापासून ते गोव्याशी जोडलेले असल्याने ही विभागणी पुढेही कायम राहिली.

बेटाचा बहुतेक किनारा खडपांचा व चढणीचा आहे. होडी लावता येईल अशा जागा मोजक्याच आहेत. बेट ज्याच्या ताब्यात आहे त्याला उतरणारा शत्रू कोठे येणार हे आधीच ठाऊक असते. खडपांच्या आडोशाला बसलेली थोडी माणसेही अशा जागेवर मारा करू शकतात. १९६१ च्या लढाईवर या भूरचनेचा मोठा परिणाम झाला.

पूर्वेतिहास

वास्को द गामा १४९८ मध्ये परतीच्या प्रवासात या बेटावर थांबला होता. गोड्या पाण्याचे झरे आणि आडोशाचा नांगरवाडा यांमुळे दूरच्या जहाजांना बेट सोयीचे होते. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने १५०५ मध्ये येथे किल्ला बांधण्यास सुरुवात केली. मात्र हे ठाणे फार काळ टिकले नाही.

मुंबईच्या इतिहासाशीही या बेटाचा संबंध आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात आंदण म्हणून मिळालेले मुंबई बेट ताब्यात घेण्यासाठी इंग्रज सैन्य १६६२ मध्ये आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी हस्तांतरास नकार दिल्यावर सर अब्राहम शिपमन याच्या नेतृत्वाखालील हे सैन्य अंजदीववर उतरून राहिले. रोगराई व अन्नटंचाई यांमुळे त्यातील बहुसंख्य सैनिक तेथेच मरण पावले; १६६४ मध्ये स्वतः शिपमनही मृत्यू पावला. उरलेल्या लोकांसह हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला. पुढे १६८२ मध्ये, संभाजी महाराजांच्या हालचालींच्या धास्तीने, पोर्तुगीजांनी अंजदीव पुन्हा ताब्यात घेऊन तेथे तटबंदी उभारली.

किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचे तंत्र

समुद्रातून येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणे, या प्रकारास जल-स्थल किंवा उभयचर मोहीम म्हणतात. युद्धप्रकारांत ही मोहीम अवघड समजली जाते, कारण तिच्या पहिल्या तासांत चढाई करणाऱ्याचे बळ सर्वांत कमी असते. जमिनीवरील सैन्य मागे सरकू शकते, आडोसा घेऊ शकते, पसरू शकते. होडीतील सैनिकाला यांपैकी काहीच करता येत नाही. तो दाटीवाटीने बसलेला असतो, हलत्या होडीतून त्याला नेम धरता येत नाही, आणि होडी कोठे व केव्हा टेकणार हे सुकाणूवर बसलेला माणूस ठरवतो.

अशा मोहिमेचे साधारणपणे पुढील टप्पे असतात.

टेहळणी : किनाऱ्याचा उतार, वाळू आहे की चिखल की खडक, पाण्याखालचे अडथळे, शत्रूच्या जागा यांची माहिती आधी मिळवावी लागते. उतार फार मंद असेल तर होडी किनाऱ्यापासून दूरच वाळूत रुतते आणि सैनिकांना खोल पाण्यातून चालत यावे लागते.

वेळेची निवड : भरती-ओहोटी, चंद्रप्रकाश, वारा आणि लाटा यांचा मेळ घालून वेळ ठरते. मुंबई व ठाणे खाडीच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार ते पाच मीटरपर्यंत फरक पडतो; उरण-बेलापूरच्या बाजूला ओहोटीला विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे पडतात व होडी जागच्या जागी अडकते. दक्षिणेकडे कारवारजवळ हा फरक बराच कमी असतो. डिसेंबरमध्ये तेथील समुद्रही पावसाळ्याच्या मानाने शांत असतो.

तोफमारा : जहाजांवरील तोफा शत्रूच्या जागांवर मारा करून त्याला डोके वर काढू देत नाहीत. पण होड्या किनाऱ्याजवळ आल्या की आपल्याच माणसांवर गोळे पडू नयेत म्हणून हा मारा थांबवावा किंवा पुढे सरकवावा लागतो. मारा थांबणे आणि पहिला सैनिक जमिनीवर पाय ठेवणे या दोहोंमधील काही मिनिटे सर्वाधिक धोक्याची असतात. तेवढ्या वेळात बचाव करणारा सैनिक पुन्हा बंदुकीमागे येऊन बसू शकतो.

फळ्यांनी उतरणे : सर्व सैन्य एकदम उतरवण्याइतक्या होड्या सहसा नसतात. म्हणून पहिली फळी उतरते, होड्या परत जातात आणि दुसरी फळी घेऊन येतात. पहिल्या फळीने किनाऱ्याचा लहानसा पट्टा धरून ठेवायचा व दुसरीने त्याला बळकटी द्यायची, अशी योजना असते. दुसरी फळी वेळेत पोहोचली नाही तर पहिली फळी पाण्याकडे पाठ करून एकाकी पडते.

पहिल्या महायुद्धात २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उघड्या होड्यांतून उतरणाऱ्या सैनिकांची मोठी हानी झाली, ती याच कारणांमुळे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत दोस्त राष्ट्रांनी सुमारे दीड लाख सैनिक एका दिवसात फ्रान्समध्ये पोहोचवले. त्यामागे खास बांधलेल्या सपाट तळाच्या नौका, दीर्घ सराव आणि प्रचंड तोफमारा होता; तरीही त्यातील काही पुळणींवर पहिल्या फळ्या जवळजवळ गारद झाल्या.

पश्चिम किनाऱ्यावरील पूर्वीची उदाहरणे

कोकणच्या किनाऱ्याला ही युद्धपद्धती नवी नव्हती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी याने मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर माणसे उतरवून तटबंदीस प्रारंभ केला. इंग्रजांनी बेटाला वेढा घालण्याचा प्रयत्न केला. बेटावर उतरू पाहणारा त्यांचा थॉर्प नावाचा अधिकारी मारला गेला. उथळ पाण्यात चालणाऱ्या मराठ्यांच्या हलक्या होड्या मात्र रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत राहिल्या.

१७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी कळव्याच्या बाजूने रात्री होड्यांतून खाडी ओलांडली आणि ठाणे जिंकले. खाडीच्या पूर्वेकडील, आजच्या नवी मुंबईत असलेला बेलापूरचा किल्लाही याच संघर्षाच्या काळात पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. या मोहिमांत स्थानिक माहितगारांचे ज्ञान निर्णायक ठरले. कोणत्या तिथीला किती पाणी चढते आणि चिखल कोठे आहे, हे खाडीकाठच्या लोकांना पाठ होते.

विसाव्या शतकात मराठी सैनिक परदेशी किनाऱ्यांवरही उतरले. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी सहाव्या (पुणे) डिव्हिजनमधील सोळाव्या ब्रिगेडने आजच्या इराकमधील फाव येथे उतरून मेसोपोटेमियाच्या मोहिमेस आरंभ केला. या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. किनाऱ्यावरच्या तुर्की तोफा आधी युद्धनौकेने बंद पाडल्यामुळे ही उतरणी तुलनेने सुलभ झाली. त्याच महिन्यात पूर्व आफ्रिकेतील टांगा येथे उतरलेल्या भारतीय फौजेचा मात्र जर्मनांकडून पराभव झाला. तेथे शत्रूला तयारीसाठी पुरेसा अवधी मिळाला होता.

मोहिमेची पार्श्वभूमी

गोवा, दमण व दीव हे प्रदेश सोडण्यास पोर्तुगालच्या सालाझार राजवटीने सातत्याने नकार दिला होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीवजवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी जहाजावर बेटावरील पोर्तुगीज शिबंदीने गोळीबार केला व जहाजाचा मुख्य अभियंता जखमी झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मासेमारी करणाऱ्या होड्यांवरही गोळीबार होऊन कारवारचा एक मच्छीमार मृत्युमुखी पडला. या घटनांमुळे किनारपट्टीवर व संसदेत संताप उमटला आणि लष्करी कारवाईच्या मागणीस जोर आला.

१ डिसेंबर १९६१ पासून आयएनएस बेतवा व आयएनएस बियास या युद्धनौकांनी गोव्याच्या समुद्रात गस्त सुरू केली. या गस्तीला ‘ऑपरेशन चटणी’ असे नाव देण्यात आले होते. मुख्य कारवाईत भूसेनेची जबाबदारी मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या नेतृत्वाखालील सतराव्या डिव्हिजनकडे होती. नौदलाच्या ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण होते. ते पुढे १९६२ मध्ये नौदलप्रमुख झाले.

अंजदीववर शिबंदी असेपर्यंत कारवारच्या परिसरातील भारतीय जहाजांना व मच्छीमारांना धोका कायम होता. म्हणून मुख्य भूमीवरील कारवाईबरोबरच बेट ताब्यात घेण्याचे ठरले. हे काम आयएनएस म्हैसूर व आयएनएस त्रिशूल या दोन जहाजांकडे सोपवण्यात आले.

सहभागी जहाजे व तुकड्या

आयएनएस म्हैसूर ही मूळची ब्रिटिश नौदलातील ‘नायजेरिया’ ही क्रूझर होती. १९५७ मध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्यावर सहा इंची नऊ तोफा होत्या. आयएनएस त्रिशूल ही १९६० मध्ये दाखल झालेली नवी फ्रिगेट होती व तिच्यावर साडेचार इंची तोफा होत्या. तोफांच्या बाबतीत भारतीय बाजू बेटावरील लहान शिबंदीपेक्षा कितीतरी वरचढ होती.

उणीव होती ती उतरण्याच्या साधनांची. भारतीय नौदलात त्या काळी (आजच्याप्रमाणेच) इतर काही देशांसारखे स्वतंत्र सागरी पायदळ नव्हते. त्यामुळे बेटावर उतरणारे लोक पायदळातील सैनिक नव्हते. एरवी जहाजावर तोफखाना, यंत्रकक्ष, दळणवळण अशी कामे करणाऱ्या खलाशांतून या तुकड्या उभारलेल्या होत्या. किनाऱ्यावर टेकताच पुढचे दार उघडून सैनिकांना बाहेर सोडणाऱ्या खास उतरणी-नौका या चढाईत नव्हत्या. जहाजावरील नेहमीच्या होड्यांतूनच जायचे होते. अशा होडीला पुढे संरक्षक पत्रा नसतो, आणि उतरताना कठड्यावरून एकेकाला पाण्यात उडी घ्यावी लागते.

१८ डिसेंबरची चढाई

१८ डिसेंबरच्या सकाळी जहाजांनी बेटावर तोफमारा केला. त्याच्या आश्रयाने लेफ्टनंट अरुण ऑडिटो यांच्या नेतृत्वाखालील पहिली फळी सकाळी ७ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास किनाऱ्यावर उतरली आणि तिने पोर्तुगीज सैनिकांशी लढाई सुरू केली.

भारतीय वृत्तान्तांतील नोंदीनुसार यानंतर पोर्तुगीज बाजूने गोळीबार थांबला व पांढरे निशाण दाखवण्यात आले. वरिष्ठ कमिशन्ड गनर एन. केलमन यांच्या नेतृत्वाखालील दुसरी फळी होड्यांतून किनाऱ्याकडे निघाली. ती माऱ्याच्या टप्प्यात येताच तिच्यावर जोरदार गोळीबार झाला. केलमन यांच्या दोन्ही मांड्यांना गोळ्या लागल्या, तरीही त्यांनी आपली होडी गोळीबारातून किनाऱ्यापर्यंत नेली. दिवसाच्या हानीचा मोठा भाग या टप्प्यात झाला.

पहिली फळी तोफमाऱ्याच्या आडून आली होती. दुसरी आली तेव्हा आपलीच माणसे बेटावर असल्याने तोफांना पूर्वीसारखा सरसकट मारा करता येत नव्हता. शिवाय दुसऱ्या फळीचा मार्ग पहिलीमुळे शत्रूला कळून चुकला होता. मोजक्याच उतरण्याजोग्या जागा असलेल्या बेटावर दुसरा मार्ग निवडण्यासही वाव नव्हता.

पांढऱ्या निशाणाचा प्रश्न

पांढरे निशाण हे बोलणीची किंवा शरणागतीची इच्छा दर्शवते. १९०७ च्या हेग नियमावलीत (कलम २३) युद्धविरामाच्या निशाणाचा गैरवापर निषिद्ध ठरवलेला आहे. १९७७ च्या जिनिव्हा अतिरिक्त करारातही शरणागतीचे सोंग करून शत्रूला मारणे हे विश्वासघाताचे कृत्य म्हणून नमूद आहे. हा नियम औदार्यापोटी केलेला नाही. निशाणावर विश्वास ठेवणे धोक्याचे ठरू लागले तर पुढच्या प्रत्येक लढाईत शरण येणाऱ्यावरही गोळी झाडली जाईल, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंच्या सैनिकांना मोजावी लागेल, ही व्यावहारिक जाणीव त्यामागे आहे. अंजदीव येथे असा गोळीबार होऊनही बेटावरील जवळजवळ सर्व पोर्तुगीज सैनिक अखेर जिवंत कैद झाले, ही बाब या संदर्भात महत्त्वाची आहे.

बेटाचा ताबा

दुसऱ्या फळीवरील हल्ल्यानंतर जहाजांनी पोर्तुगीज जागांवर पुन्हा जोरदार तोफमारा केला. हळूहळू प्रतिकार मोडला आणि १९ डिसेंबरच्या दुपारपर्यंत बेट भारतीय ताब्यात आले. तीन पोर्तुगीज सैनिक खडपांत लपून राहिले होते. त्यांपैकी एकाने १९ तारखेस शरणागती पत्करली, दुसरा हातबाँब फेकून प्रतिकार केल्यावर २० तारखेस पकडला गेला. तिसरा, मानुएल काएतानो हा गोमंतकीय सैनिक, पोहत मुख्य भूमीवर पोहोचला व २२ डिसेंबर रोजी पकडला गेला. या कारवाईत पकडला गेलेला तो शेवटचा पोर्तुगीज सैनिक होय.

दरम्यान मुरगाव बंदरात बेतवा, बियास व इतर भारतीय जहाजांशी झालेल्या लढाईत ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका निकामी झाली होती. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागतीच्या कागदावर स्वाक्षरी केली. हा दिवस गोवा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व पुढे १९७४ मध्ये मान्य केले.

मोहिमेचे मूल्यमापन

संपूर्ण गोवा कारवाई अल्पावधीत व तुलनेने कमी हानीत पूर्ण झाली. त्या तुलनेत एका लहान बेटावर सात नौसैनिकांचा मृत्यू ही मोठी किंमत होती. तोफांची संख्या वरचढ असली तरी खडपांत पसरलेल्या शिबंदीला केवळ तोफमाऱ्याने हटवता येत नाही. शेवटी माणसांनाच किनाऱ्यावर जावे लागते, हे या लढाईत दिसले. उतरण्यासाठी योग्य नौका, खास प्रशिक्षित तुकड्या आणि दोन फळ्यांमध्ये अखंड संरक्षक मारा यांची गरजही तीतून स्पष्ट होते.

या गोष्टींची पूर्तता होण्यास वेळ लागला. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या अखेरीस कॉक्स बाजार येथे गुरखा पलटणीला समुद्रमार्गे उतरवण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा नौदलाकडे उतरणी-जहाजे होती व समोर शत्रूचा प्रतिकारही नव्हता. पण किनाऱ्याच्या उताराची पुरेशी माहिती नव्हती. जहाजे किनाऱ्यापासून दूरच अडली आणि पाठीवर ओझे घेऊन पाण्यात उतरलेल्यांपैकी दोन जवान बुडाले. उरलेल्यांना पुढे स्थानिक होड्यांच्या मदतीने उतरवावे लागले. अंजदीव येथे शत्रूच्या गोळ्यांनी अडवले, तर कॉक्स बाजार येथे समुद्राच्या तळाने. त्यानंतरच्या काळात नौदलाने मोठी उतरणी-जहाजे मिळवली. १९८७ मध्ये दाखल झालेले आयएनएस मगर आणि २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेले आयएनएस जलाश्व ही त्यांतील प्रमुख ठरली.

स्मृती व सद्यःस्थिती

या मोहिमेत मरण पावलेल्या सात नौसैनिकांचे स्मारक गोव्यातील आयएनएस गोमंतक या नौदल तळावर आहे. नौदलाच्या पाणबुडीविरोधी जहाजालाही ‘अंजदीप’ हे नाव देण्यात आले होते. ते जहाज निवृत्त झाल्यावर त्याच नावाच्या नव्या जहाजाचे २०२३ मध्ये जलावतरण झाले.

कारवारजवळ उभारलेल्या ‘सीबर्ड’ प्रकल्पात अंजदीव बेटाचा समावेश झाला. २००५ मध्ये तेथे आयएनएस कदंब हा तळ कार्यान्वित झाला. लाटा अडवण्यासाठी बांधलेल्या बांधामुळे बेट आता मुख्य भूमीशी जोडले गेले आहे. बेटावर जुन्या तटबंदीचे अवशेष व ‘नोसा सेन्योरा दास ब्रोतास’ हे चर्च आहे. पूर्वी गोवा व कारवार येथील भाविक सणाच्या दिवशी होड्यांनी तेथे जात असत. नौदलाच्या ताब्यानंतर सुरक्षेच्या कारणास्तव बेटावर जाण्यास सर्वसामान्यांना मज्जाव आहे.